धंद्याची वही संगणकात कशी बांधावी?
ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगचा पहिला धडा, व्यापारी व कारागीर बांधवांसाठी

व्यापारी माणसाला लिखापढीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. दिव्य कुरआनातील सर्वात मोठी आयत, सूरह अल-बकराची २८२ वी आयत, ही उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत आणि रक्कम लहान आहे म्हणून लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी तिची शिकवण आहे. आपल्या वाडवडिलांनी ही शिकवण वहीत पाळली. आता वही संगणकात आणि मोबाईलमध्ये गेली आहे.

वही हातात होती तेव्हा तिचे प्रत्येक पान आपल्याला वाचता येत होते. संगणकातील वही मात्र दुसऱ्या कुणीतरी बांधलेली असते. ती कशी बांधली आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि बांधणारा गाव सोडून गेला की एक साधा रकाना वाढवण्यासाठीही आपण परावलंबी होतो. म्हणून आपल्या घरातील, दुकानातील, कारखान्यातील किमान एका तरुणाने ही बांधणी समजून घ्यावी असे आम्हाला वाटते. या लेखात आम्ही त्या विद्येची मूळ कल्पना आपल्याच धंद्यातील उदाहरणांनी मांडत आहोत. पूर्वी प्रोग्रामिंग शिकलेले असावे अशी अट नाही. जमा-नावे कळत असले म्हणजे पुरे.

ही पद्धत आली कोठून?

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगची सुरुवात नॉर्वेत झाली. ओस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड या दोघांनी १९६० च्या दशकात सिम्युला नावाची भाषा तयार केली. १९६७ च्या सिम्युलात ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’ या कल्पना स्पष्टपणे आल्या. पुढे बियार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९७९ पासून काम करून सी प्लस प्लस ही भाषा घडवली. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा ही भाषा जगापुढे आणली. तिच्यात नेटवर्कवर चालणाऱ्या कामाचा विचार सुरुवातीपासून होता, त्यामुळे बँका व मोठ्या कंपन्या तिच्याकडे वळल्या. पायथन ही भाषा १९९१ पासून लोकांच्या हाती आहे.

यातील न्यूगार्ड यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस त्यांनी नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले. कारखान्यात संगणक येणारच असेल, तर तो कसा चालतो आणि आपल्या कामावर त्याचा काय परिणाम होतो हे कामगाराला स्वतःला कळले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. ज्याच्या हातात हत्यार आहे त्यालाच यंत्राचे ज्ञान असावे, ही गोष्ट आपल्या कारागीर बांधवांनाही पटण्यासारखी आहे.

फर्मा आणि कपडा

शिंपी कापड बेतताना पुठ्ठ्याचा फर्मा वापरतो. फर्मा अंगात घालता येत नाही, पण एका फर्म्यावरून शंभर सदरे बेतता येतात. प्रत्येक सदऱ्याचा रंग व माप वेगळे असेल, पण बाही, कॉलर आणि खिसा कोठे यायचा हे फर्म्याने ठरवलेले असते. प्रोग्रामिंगमध्ये फर्म्याला ‘क्लास’ म्हणतात आणि त्यावरून तयार झालेल्या प्रत्येक सदऱ्याला ‘ऑब्जेक्ट’.

आता वहीकडे येऊ. ‘खाते’ हा एक क्लास समजा. प्रत्येक खात्यात नाव, पत्ता, उधारीची मर्यादा आणि बाकी असते. ही झाली माहिती. प्रत्येक खात्यावर काही कामेही होतात: नावे टाकणे, जमा करणे, उतारा काढणे. ही झाली कृती. जुन्या पद्धतीच्या प्रोग्राममध्ये माहिती एकीकडे आणि कृती दुसरीकडे असे. त्यामुळे एकाच आकड्याला दहा ठिकाणांहून हात लागे आणि चूक कोठून झाली ते सापडत नसे. ऑब्जेक्टमध्ये माहिती आणि तिच्यावरची कृती एकाच घरात राहतात. एवढी एक गोष्ट नीट समजली तर निम्मी विद्या आली असे समजावे.

पहिला नियम: गल्ल्याला कुलूप

दुकानात नोकर पाच असले तरी गल्ल्याची चावी एकाकडेच असते. पैसे हवेत तर त्याला सांगावे लागते आणि तो चिठ्ठी लिहूनच देतो. ऑब्जेक्टचेही तसेच आहे. खात्यातील ‘बाकी’ हा आकडा बाहेरून कोणालाही थेट बदलता येऊ नये. बदल हवा असेल तर ‘जमा करा’ किंवा ‘नावे टाका’ या दोनच दारांनी आत जावे, आणि प्रत्येक वेळी तारीख, रक्कम, कारण व नोंद करणाऱ्याचे नाव लिहिले जावे. याला इंग्रजी शब्दावरून एन्कॅप्सुलेशन म्हणतात.

यातूनच पुढचा नियम निघतो. चुकीची नोंद खोडायची नाही, तिच्या विरुद्ध दुसरी नोंद करायची. चुकून ५,००० ऐवजी ५०,००० नावे पडले, तर ५०,००० ची उलट नोंद करून मग ५,००० नावे टाकावेत. तिन्ही ओळी वहीत राहतात आणि मागाहून कोणी विचारले तर दाखवता येतात. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा असा माग राहिलाच पाहिजे, हा नियम भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. लहान दुकानाला कायद्याची सक्ती नसली तरी अमानतीची सक्ती आहेच.

दुसरा नियम: सामाईक गोष्ट एकदाच लिहावी

आपल्याकडे रोखीचे ग्राहक असतात, उधारीचे असतात आणि घाऊक ग्राहकही असतात. नाव, पत्ता, फोन हे सर्वांना सामाईक. उधारीच्या ग्राहकाला मुदत व मर्यादा जास्तीची, घाऊक ग्राहकाला दराची वेगळी यादी. तेव्हा ‘ग्राहक’ हा मूळ क्लास करावा आणि ‘उधारीचा ग्राहक’ व ‘घाऊक ग्राहक’ हे त्याचे वारस करावेत. वारसांना मूळ क्लासचे सर्व काही मिळते, ते आपले वेगळेपण तेवढे लिहितात. याला इन्हेरिटन्स म्हणतात.

नवे विद्यार्थी येथे अति करतात. प्रत्येक फरकासाठी नवा वारस काढत गेल्यास पाच पिढ्यांचे झाड उभे राहते आणि कोणाला कोणाचे काय मिळाले ते कळत नाही. आजचा रोखीचा ग्राहक उद्या उधारीचा होऊ शकतो. मग त्याचे घराणे बदलायचे काय? अशा ठिकाणी ग्राहकाला ‘उधारीची अट’ नावाचा वेगळा ऑब्जेक्ट जोडून द्यावा. अट जोडली की उधारी सुरू, काढली की बंद. ‘हा त्याचा एक प्रकार आहे’ असे कायमचे म्हणता येत असेल तरच वारस करावा, ‘याच्याकडे ते आहे’ असे म्हणता येत असेल तर जोडावे.

येथेच व्याजाचाही प्रश्न येतो. अनेक तयार सॉफ्टवेअरमध्ये मुदत टळलेल्या रकमेवर व्याज लावण्याची सोय असते आणि एक खूण चुकून राहिली तर ते बिलात उतरते. आपण स्वतः क्लास बांधतो तेव्हा ‘उधारीची अट’ या क्लासमध्ये व्याजाची कृती ठेवायचीच नाही. जी कृती मुळात लिहिलेलीच नाही ती चुकूनही चालत नाही.

तिसरा नियम: प्रश्न एक, उत्तर ज्याचे त्याचे

याला पॉलिमॉर्फिझम म्हणतात. शब्द अवघड आहे पण अर्थ जकातीच्या हिशेबाने चटकन समजतो. वर्षाच्या शेवटी व्यापारी आपल्या प्रत्येक मालमत्तेला एकच प्रश्न विचारतो: जकातीसाठी तुझी किंमत किती? रोकड म्हणते, जेवढी आहे तेवढी. विक्रीचा माल म्हणतो, आजच्या बाजारभावाने. येणे असलेली रक्कम म्हणते, जेवढी वसूल होण्याची खात्री आहे तेवढी. माग, शिलाई मशीन, लेथ ही कामाची साधने म्हणतात, शून्य.

समजा एका बांधवाकडे रोकड १,२०,००० रुपये, विक्रीचा माल ६,००,०००, खात्रीचे येणे ८०,००० आणि माग ४,००,००० रुपयांचे आहेत. देणे १,५०,००० आहे. मागांची किंमत शून्य धरून बेरीज ८,००,००० होते. देणे वजा करता ६,५०,००० उरतात. ही रक्कम निसाबाच्या वर असून वर्ष पूर्ण झाले असल्यास अडीच टक्क्यांनी जकात १६,२५० रुपये होईल. निसाब सोन्याचा धरावा की चांदीचा, कोणते देणे वजा करावे, याविषयी आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. संगणक त्यांची जागा घेऊ शकत नाही.

प्रोग्रामच्या दृष्टीने यातील खुबी अशी की बेरीज करणाऱ्याला मालमत्तेचा प्रकार माहीत असण्याची गरज नाही. तो फक्त प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत जातो. उद्या सोन्याचे दागिने हा नवा प्रकार आला, तर त्याचा क्लास लिहून त्यात त्याचे उत्तर लिहावे. बेरजेचा भाग उघडावाही लागत नाही.

चौथा नियम: बदलणारी गोष्ट एका जागी

जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या दरांत मोठा फेरबदल झाला. बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन ५ आणि १८ हे मुख्य टप्पे राहिले. ज्यांच्या प्रोग्राममध्ये ‘१२’ हा आकडा वीस ठिकाणी लिहिलेला होता त्यांना वीस ठिकाणी हात घालावा लागला असणार. दर हा वेगळ्या क्लासमध्ये तारखेसह ठेवावा: या वस्तूला या दिवसापासून हा दर. म्हणजे ऑगस्ट २०२५ च्या बिलावरचा माल नंतर परत आला तरी प्रोग्रामला जुना दर सापडेल.

रुपयांच्या आकड्याविषयीही सावध राहावे. संगणकातील दशांश अपूर्णांक आतून दोनच्या पद्धतीने साठवले जातात, म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज अनेक भाषांत ०.३ न येता ०.३०००००००००००००००४ अशी येते. हजारो नोंदींत असा फरक साचू शकतो. रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवावी, म्हणजे १२५ रुपये ५० पैसे हे १२५५० पैसे. किंवा जावा आणि पायथनमध्ये दशांश रकमांसाठी असलेले खास क्लास वापरावेत.

दुकान, गोदाम आणि मधली तार

आतापर्यंतची वही एका संगणकावर होती. नेटवर्कवर आली की नवे प्रश्न उभे राहतात. पीटर डॉइच यांनी १९९४ मध्ये सन कंपनीत असताना नेटवर्कविषयीच्या गैरसमजांची एक यादी केली होती. नेटवर्क नेहमी चालूच राहते, हा त्यातील पहिला गैरसमज. आपल्या भागात वीज आणि नेटवर्क केव्हा जाईल हे सांगता येत नाही, त्यामुळे हा धडा आपण अधिक मन लावून शिकावा.

समजा मालेगावात एकाचे दुकान आहे आणि गोदाम दोन किलोमीटरवर. मधल्या एका संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, खरी वही आहे. दुकान व गोदाम त्याला निरोप पाठवतात. ऑब्जेक्ट स्वतः तारेतून जात नाही. त्याची माहिती साध्या मजकुराच्या रूपात जाते आणि पलीकडे त्यावरून पुन्हा ऑब्जेक्ट तयार होतो. येथे चार धोके आहेत.

एक, शेवटचा माल दोघांनी विकणे. गोदामात कापडाचे ३ ताके शिल्लक आहेत. दोन्ही ठिकाणी पडद्यावर ३ दिसतात आणि दोघेही ३ विकतात. उपाय असा की शिल्लक तपासणे आणि कमी करणे ही दोन कामे सर्व्हरवर एकाच दमात व्हावीत, मध्ये दुसऱ्या कोणालाही शिरता येऊ नये.

दोन, अर्धवट व्यवहार. माल कमी झाला, तेवढ्यात वीज गेली आणि उधारी लिहिलीच गेली नाही. डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन नावाची सोय असते. तिच्यात बांधलेल्या सर्व नोंदी होतात, नाही तर एकही होत नाही.

तीन, एकच निरोप दोनदा जाणे. ग्राहकाने ५,००० रुपये जमा केले, नोंद सर्व्हरवर पोहोचली, पण पोच परत येण्याआधी नेटवर्क गेले. दुकानातील मुलाने पुन्हा बटण दाबले आणि १०,००० जमा झाले. म्हणून प्रत्येक पावतीला दुकानातच, पाठवण्यापूर्वी, एक वेगळा क्रमांक द्यावा. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुनीच पोच परत द्यावी.

चार, नको त्या हाताने वही उघडणे. विक्रेत्याला बिल करता यावे पण खरेदीचा भाव दिसू नये, मुनीमाला उतारा दिसावा पण उधारीची मर्यादा वाढवता येऊ नये, अशी परवानगी प्रत्येक कृतीवर असावी, आणि ती सर्व्हरवर तपासावी. निरोप कुलूपबंद मार्गाने, म्हणजे एचटीटीपीएसने जावेत. पासवर्ड जसाच्या तसा कधी साठवू नये. रोजची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून वही पुन्हा उभी करून पाहावी. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये.

कागदावरचा अभ्यास

१९८९ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ही विद्या शिकवण्याची एक साधी रीत मांडली. एका क्लासला एक कार्ड. वर नाव, डाव्या बाजूला त्याची जबाबदारी आणि उजव्या बाजूला तो कोणाची मदत घेतो. आम्ही वाचकांना येथे एक अभ्यास देत आहोत.

एक व्यापारी मागवाल्यांना सूत देतो आणि मजुरीवर कापड विणून घेतो. त्याने १०० किलो सूत दिले. ९६ किलो कापड आले. ठरलेली घट ३ टक्के, म्हणजे ३ किलो. तेव्हा मागवाल्याकडे १ किलो सुताचा हिशेब बाकी राहतो. मजुरी मीटरवर ठरलेली आहे आणि काही रक्कम आगाऊ दिलेली आहे.

यासाठी चार-पाच कार्डे लिहा: मागवाला, सुताची पावती, कापडाची आवक, मजुरीचा करार, हिशेब. घट मोजण्याची जबाबदारी कोणत्या कार्डाची? ती ‘मजुरीच्या कराराची’ असावी, कारण घटीचा टक्का करारात ठरतो आणि प्रत्येक मागवाल्याशी तो वेगळा असू शकतो. आगाऊ रक्कम कोण वजा करील? ‘हिशेब’ करील, पण किती वजा करायची हे तो करारालाच विचारील. मग कार्डे घरातील चार जणांत वाटा आणि एक व्यवहार तोंडाने चालवून पाहा. ज्याच्या कार्डावर फार गर्दी होते त्याचे दोन भाग करा. ज्याला काहीच काम उरत नाही ते कार्ड फाडून टाका. मागवाल्यालाही या खेळात बसवावे. वजनावरून होणारे वाद बहुधा करार स्पष्ट नसल्याने होतात, आणि कार्डे लिहिताना तो अस्पष्टपणा उघडा पडतो.

शिकण्याचा क्रम

एकच भाषा धरावी, जावा किंवा पायथन. दोन्ही विनामूल्य मिळतात. पहिले दोन महिने बेरीज, अट, फेरा, यादी ही मूळ अक्षरे गिरवावीत. तिसऱ्या महिन्यात वरील ‘खाते’ क्लास लिहून आपल्याच दुकानाच्या एका दिवसाच्या नोंदी त्यात घालाव्यात. चौथ्या महिन्यात डेटाबेस शिकावा. एका संगणकापुरती एसक्यूलाइट आणि नेटवर्कसाठी पोस्टग्रेएसक्यूएल, हीही विनामूल्य आहेत. पाचव्या-सहाव्या महिन्यात दोन संगणक जोडून वरचे चार धोके मुद्दाम घडवून पाहावेत: मधेच तार काढावी, बटण दोनदा दाबावे आणि वही शाबूत राहते का ते तपासावे. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात, परीक्षेसाठी तेवढी फी लागते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात अनेक भारतीय भाषांत धडे आहेत.

सर्वच काही घरी बांधावे असे आमचे म्हणणे नाही. जीएसटीचे बिल, विवरणपत्र, ई-इनव्हॉइस यांसाठी चांगले तयार सॉफ्टवेअर घ्यावे, कारण नियम बदलतात आणि त्यामागे धावणे एकट्या दुकानाला परवडत नाही. मजुरीचा करार, घट, आगाऊ रक्कम, जकातीचा हिशेब हे जे आपल्या धंद्याचे खास आहे तेवढे आपण बांधावे. आणि नवी वही सुरू केल्यावर किमान तीन महिने जुनी कागदी वहीही चालू ठेवावी. दोन्हींची बाकी दर जुम्याला ताडून पाहावी. तीन महिने एक पैशाचाही फरक आला नाही, तर मगच कागदी वही बंद करावी.

आपल्या मोहल्ल्यांतून बारावी व पदवी झालेले अनेक तरुण नोकरीची वाट पाहत आहेत आणि त्याच मोहल्ल्यांतील दुकाने हिशेबासाठी बाहेरच्यांवर अवलंबून आहेत. या दोघांची गाठ पडली तर दोघांचेही भले होईल. त्यासाठी दुकानदाराने आपला व्यवहार मोकळेपणाने समजावून सांगावा, तरुणाने तो अमानत समजून सांभाळावा आणि कामाचा मोबदला सुरुवातीलाच लिहून ठरवावा. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल कमाईत बरकत देवो.